जे पुस्तिकेत नव्हते ते लिहून ठेवणारे डॉ. रिचर्ड स्टीव्हन्स



आपल्या पत्रिकेच्या चरित्र-सदरात आपण संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ आणि सेनानी यांची चरित्रे वाचत आला आहात. या अंकात आम्ही एका वेगळ्याच लेखकाची ओळख करून देत आहोत. त्यांनी कथा लिहिली नाही की कविता लिहिली नाही. तरीही जगभरातील संगणक अभियंत्यांनी त्यांची पुस्तके पाने सुटेपर्यंत वाचली. त्यांचे नाव डॉ. विल्यम रिचर्ड स्टीव्हन्स. १९९९ मध्ये ते गेले. आज आपण ज्या इंटरनेटवर निकाल पाहतो, फॉर्म भरतो, परदेशातील नातेवाईकांशी बोलतो, ते आतून कसे चालते हे सामान्य अभियंत्याला उलगडून दाखविणाऱ्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

हे चरित्र निवडण्याचे आमचे कारण सरळ आहे. एखादी गोष्ट पुस्तकात दिलेली नसली की आपण दोनपैकी एक वाट धरतो. एक तर ती गोष्ट नाहीच असे मानतो, किंवा कोणा जाणकाराला विचारून वेळ भागवतो. स्टीव्हन्स यांनी तिसरी वाट दाखविली : आधी यंत्रालाच विचारावे, उत्तर तपासून घ्यावे आणि मग ते पुढच्या माणसासाठी लिहून ठेवावे.

बालपण आणि शिक्षण

स्टीव्हन्स यांचा जन्म १९५१ मध्ये आफ्रिकेतील उत्तर ऱ्होडेशियात लुआन्शा या गावी झाला. हा प्रदेश १९६४ मध्ये स्वतंत्र झाला आणि झांबिया या नावाने ओळखला जाऊ लागला. लुआन्शा हे तांब्याच्या खाणींचे गाव. वडील तांबे उद्योगातच नोकरीला होते. पुढे या कुटुंबाचे बिऱ्हाड अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी, न्यू मेक्सिकोतील हर्ली, राजधानी वॉशिंग्टन आणि दक्षिण आफ्रिकेतील फालाबोर्वा असे फिरत राहिले. रिचर्ड यांनी व्हर्जिनिया राज्यातील फिशबर्न मिलिटरी स्कूलमध्ये शालेय शिक्षण घेतले. वडिलांच्या बदलीमुळे दोन-तीन शाळा पाहिलेली मुले आपल्याकडेही आहेत. नवे गाव, नवी भाषा, नवे वर्गमित्र म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

१९७३ मध्ये त्यांनी मिशिगन विश्वविद्यालयातून विमान व अंतराळ अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यांना विमान चालविण्याचा मोठा छंद होता. १९७० च्या दशकात ते नोकरी सांभाळून उड्डाण प्रशिक्षक म्हणूनही काम करीत. वैमानिक उड्डाणापूर्वी विमानाभोवती स्वतः फेरी मारतो, पंख पाहतो, इंधन तपासतो. कागदावर कोणाची तरी सही आहे एवढ्यावर तो विमान हवेत नेत नाही. स्टीव्हन्स यांच्या पुढील लेखनातही आम्हाला हीच सवय दिसते.

वेधशाळेतील वर्षे

१९७५ मध्ये ते ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरी आले आणि किट पीक राष्ट्रीय वेधशाळेत संगणक प्रोग्रॅमर झाले. तेथे त्यांनी १९८२ पर्यंत काम केले. नोकरी करता करताच ॲरिझोना विश्वविद्यालयातून १९७८ मध्ये एम. एस. आणि १९८२ मध्ये पीएच. डी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. दोन्ही प्रणाली अभियांत्रिकी या विषयातील होत्या. शिक्षण आणि नोकरी एकाच वेळी शक्य नाही असे म्हणणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांनी ही सात वर्षे लक्षात ठेवावीत.

१९८२ ते १९९० या काळात ते न्यू हेवन येथील आरोग्य क्षेत्रातील एका संस्थेत संगणक सेवांचे उपाध्यक्ष होते. १९९० मध्ये त्यांचे पहिले पुस्तक, 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग', प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ते टूसॉनला परतले आणि लेखन व सल्लागारी हाच त्यांचा व्यवसाय झाला. घरात पत्नी व तीन मुले असताना उपाध्यक्षपद सोडून तांत्रिक पुस्तकांवर संसार चालविणे ही साधी गोष्ट नव्हे. पालकांना याचा अंदाज सहज येईल.

त्या काळची अडचण

ही अडचण नीट समजावी म्हणून थोडी तांत्रिक माहिती देतो. लहान वर्गांतील मुलांनी ती मोठ्या भावंडांकडून समजून घ्यावी.

संगणक जाळ्याला जोडला जातो तो एका दारातून. या दाराला नेटवर्क इंटरफेस म्हणतात. केबलचे कार्ड हे एक दार, वायफाय हे दुसरे दार. आणखी एक दार असे असते की त्यातून बाहेर पडलेला निरोप पुन्हा त्याच संगणकात येतो. त्याला लूपबॅक म्हणतात. प्रत्येक दाराला स्वतःचा पत्ता असतो. या दारातून माहिती पॅकेटच्या रूपाने ये-जा करते आणि एका पॅकेटचा आकार किती मोठा असू शकतो याला मर्यादा असते. साध्या इथरनेट केबलवर ही मर्यादा १५०० बाइटची आहे.

या दारांची स्थिती पाहण्यासाठी युनिक्स संगणकावर पडद्यावर आज्ञा टाइप करावी लागे. 'आयएफकॉन्फिग' ही आज्ञा दाराचा पत्ता सांगे. 'नेटस्टॅट' लिहून पुढे डॅश आणि 'आय' हे अक्षर दिले की सर्व दारांचा तक्ता येई : दाराचे नाव, पॅकेटची मर्यादा, किती पॅकेट आली, त्यांत किती सदोष होती, किती गेली आणि किती वेळा टक्कर झाली. आज्ञेपुढे डॅश लावून दिलेल्या अशा अक्षराला ऑप्शन म्हणतात. एक अक्षर बदलले की तीच आज्ञा वेगळी माहिती देते.

आता अडचण अशी की युनिक्स एकच नव्हते. सन, आयबीएम, बर्कली अशी प्रत्येकाची प्रणाली निराळी होती. एका यंत्रावर चालणारे ऑप्शन दुसऱ्यावर चालत नसे. काही कंपन्या या आज्ञा अशा फोल्डरमध्ये ठेवत की साधारण वापरणाऱ्याने नाव टाइप केले तर अशी आज्ञा नाही असेच उत्तर येई. आज्ञा तेथेच असे, फक्त तिचा रस्ता माहीत नसे. आज्ञांची माहिती 'मॅन' नावाच्या पानांत मिळे. पण प्रोग्रॅम लिहिणारा घाईत नवे ऑप्शन घालतो आणि पानात नोंद करायला विसरतो, हे तेव्हाही होत असे व आजही होते. अशा ऑप्शनला कागदोपत्री अस्तित्वच नसते. ते ज्याला ठाऊक तो जाणकार, आणि बाकीचे त्याच्या दारी उभे.

स्टीव्हन्स यांची पद्धत

ही विद्या चार लोकांच्या डोक्यात राहू नये, हे स्टीव्हन्स यांच्या प्रत्येक पुस्तकातून दिसते. 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग'च्या पुढील आवृत्तीत त्यांनी अनोळखी जाळ्याचा नकाशा स्वतः कसा काढावा यासाठी एक स्वतंत्र भागच लिहिला. आधी नेटस्टॅटने दारांची नावे काढा, मग तीच आज्ञा वेगळ्या ऑप्शनने देऊन कोणता रस्ता कोणत्या दारातून जातो ते पहा, मग आयएफकॉन्फिगने प्रत्येक दाराचा तपशील घ्या, आणि शेवटी 'पिंग' आज्ञेने शेजारी कोण आहे ते विचारा. प्रत्येक पायरीवर यंत्राने दिलेले उत्तर जसेच्या तसे छापलेले आहे आणि त्याखाली ओळीओळीचा अर्थ सांगितलेला आहे. आज्ञा कोणत्या फोल्डरमध्ये दडलेली असू शकते हेही सांगायला ते विसरले नाहीत.

१९९४ च्या 'टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात ही पद्धत पूर्णत्वास गेली. त्यासाठी त्यांनी एक छोटे जाळे वापरले. त्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रणाली होत्या आणि एक दुवा टेलिफोन मोडेमवरून चालणारा होता. या जाळ्याचा नकाशा पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस छापला, म्हणजे वाचणाऱ्याला कधीही पान उलटून पाहता यावे. मग लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तयार झालेल्या 'टीसीपीडम्प' या प्रोग्रॅमने दारातून जाणारी पॅकेट टिपली आणि ती पुस्तकात मांडली. नियमात काय म्हटले आहे आणि यंत्र खरोखर काय करते, दोन्ही समोरासमोर आले. जेथे फरक होता तेथे कोणत्या प्रणालीत फरक आहे तेही त्यांनी नोंदविले.

जेथे यंत्राला विचारायला ऑप्शनच नव्हते, तेथे त्यांनी ते तयार केले. दोन संगणकांमधील संपूर्ण मार्गावर मोठ्यात मोठे किती बाइटचे पॅकेट न तुटता जाऊ शकते हे सांगणारी आज्ञा त्या वेळी सहज मिळत नव्हती. मार्गातील टप्पे दाखविणारा 'ट्रेसरूट' हा प्रोग्रॅम मात्र होता. स्टीव्हन्स यांनी त्यात बदल केला. पॅकेट तोडू नये अशी खूण लावून मोठे पॅकेट पाठवायचे. वाटेत कोठे अरुंद दार लागले की तेथून नकार येतो. मग आकार कमी करून पुन्हा पाठवायचे. असे करत गेले की मर्यादा आपोआप कळते. बोळातून कपाट न्यायचे असेल तर आपण मोजपट्टीने हेच करतो.

१९९५ मध्ये गॅरी राइट यांच्यासह लिहिलेल्या दुसऱ्या खंडात तर त्यांनी बर्कली युनिक्समधील जाळ्याचा सुमारे १५,००० ओळींचा मूळ कोडच छापून समजावून दिला. तिसरा खंड १९९६ मध्ये आला. त्याआधी १९९२ मध्ये 'ॲडव्हान्स्ड प्रोग्रॅमिंग इन द युनिक्स एन्व्हायर्नमेंट' हे पुस्तक आले होते. छपाईची पाने ते स्वतः संगणकावर जुळवून देत असत. आपल्या देशातही या पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्या वापरल्या. एक गंमत म्हणजे त्यांचे पहिले पुस्तक १९९३ च्या 'वेन्स वर्ल्ड २' या विनोदी चित्रपटातही दिसले.

नोंद नसलेल्या नियमांची नोंद

त्यांच्या कार्यातील एक प्रसंग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विश्वविद्यालयाचा बर्कली परिसर यांच्यामधील जाळे जवळजवळ ठप्प झाले. अंतर सुमारे ४०० यार्ड, पण वेग सेकंदाला ३२,००० बिटवरून ४० बिटवर आला. सर्व संगणक एकाच वेळी घाईने पॅकेट पाठवीत होते आणि हरवलेली पुन्हा पाठवून गर्दी आणखी वाढवीत होते. व्हॅन जेकबसन यांनी यावर उपाय शोधले आणि १९८८ मध्ये ते मांडले. सुरुवात हळू करावी, गर्दी दिसली की मागे सरावे, असे ते उपाय होते. ते बर्कली युनिक्सच्या कोडमध्ये आले आणि तेथून इतरत्र पसरले.

इंटरनेटचे अधिकृत नियम आरएफसी नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत असतात. परंतु हे चारही उपाय मिळून कसे काम करतात याचे संपूर्ण वर्णन अनेक वर्षे अशा दस्तऐवजात नव्हते. सारे इंटरनेट ज्यांच्यावर उभे होते ते उपाय कोडमध्ये आणि लेखांत विखुरलेले होते. जानेवारी १९९७ मध्ये स्टीव्हन्स यांनी ते एकत्र लिहिले. तो दस्तऐवज म्हणजे आरएफसी २००१. शोध त्यांचा नव्हता आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. मूळ शोधकाला श्रेय देऊन त्यांनी फक्त नीट लिहून काढले. एप्रिल १९९९ मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्याची सुधारित आवृत्तीही त्यांनी दिली.

शोध लावणाऱ्याचे नाव होते, नोंद करणाऱ्याचे क्वचितच होते. पण नोंद झाली नसती तर नव्याने संगणक प्रणाली लिहिणाऱ्या प्रत्येकाला तेच पुन्हा शोधावे लागले असते. कोणी अर्धे समजून केले असते तर त्रास सर्वांनाच झाला असता, कारण रस्ता सामाईक आहे.

अकाली निधन

१ सप्टेंबर १९९९ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, डॉ. स्टीव्हन्स यांचे निधन झाले. 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग'च्या नव्या मालिकेचे दोन खंड झाले होते, तिसरा राहून गेला. २००० मध्ये युसेनिक्स या संगणक तज्ज्ञांच्या संस्थेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार दिला.

पण पुस्तके थांबली नाहीत. २००३ मध्ये बिल फेनर व अँड्र्यू रुडॉफ यांनी, २००५ मध्ये स्टीफन रेगो यांनी आणि २०११ मध्ये केव्हिन फॉल यांनी त्यांच्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या सिद्ध केल्या. मुखपृष्ठावर स्टीव्हन्स यांचे नाव कायम राहिले. माणूस गेल्यावरही त्याचे काम दुसऱ्याला उचलता आले, कारण प्रत्येक पायरी लिहिलेली होती. जे ज्ञान केवळ डोक्यात ठेवले जाते, ते माणसाबरोबर जाते. आपल्या घरातील आजीच्या पाककृतींपासून जुन्या कारागिरांच्या हातखंड्यांपर्यंत हा अनुभव कोणत्या घराला नाही?

आपण काय घ्यावे?

मित्रांनो, आजच्या लिनक्सवर आयएफकॉन्फिगची जागा बहुतेक ठिकाणी 'आयपी' या आज्ञेने घेतली आहे. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग' आहे. आज्ञा बदलतात, शोधण्याची रीत बदलत नाही. ती अशी :

पहिली गोष्ट, माहितीचे पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. पुष्कळदा हवे ते तळाशी असते आणि आपण वरचे वाचून थांबतो.

दुसरी, मदतीचे ऑप्शन द्या. ते ठाऊक नसेल तर जे ऑप्शन नाही असे एखादे अक्षर मुद्दाम द्या. अनेक आज्ञा तक्रार करताना आपल्याला चालणाऱ्या ऑप्शनची यादीच दाखवितात. ती यादी माहितीच्या पानाशी ताडून पहा. फरक दिसला की तेथे काही नोंदविलेले नाही असे समजा.

तिसरी, युनिक्स व लिनक्सवर 'स्ट्रिंग्ज' नावाची आज्ञा प्रोग्रॅमच्या फाइलमधील वाचता येण्याजोगा मजकूर बाहेर काढते. त्यात कधी कधी न नोंदविलेल्या ऑप्शनचा माग लागतो.

चौथी, मूळ कोड खुला असेल तर तो वाचा. सी भाषेतील अनेक प्रोग्रॅममध्ये 'गेटऑप्ट' या शब्दाजवळ एका ओळीत सर्व एकाक्षरी ऑप्शन लिहिलेली असतात. ती ओळ खोटे बोलत नाही.

दोन सूचनाही लक्षात ठेवा. न नोंदविलेले ऑप्शन उद्या राहीलच याची हमी कोणी दिलेली नसते. ॲपलच्या संगणकात वायफायची स्थिती दाखविणारी 'एअरपोर्ट' ही आज्ञा एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये अनेक वर्षे होती आणि जाणकार ती वापरीत. २०२४ मध्ये ती बंद झाली. म्हणून अशा गोष्टीवर महत्त्वाचे काम अवलंबून ठेवू नये. दुसरी सूचना अधिक गंभीर आहे. हे सारे आपल्या स्वतःच्या संगणकावर, किंवा शाळेत शिक्षकांच्या परवानगीनेच करावे. दारातून जाणाऱ्या पॅकेटमध्ये दुसऱ्याचा निरोप असू शकतो. दुसऱ्याचे पत्र उघडणे आपल्या घरात जसे चालत नाही, तसे येथेही चालत नाही.

पालक आणि विश्वस्त मंडळींनाही आमची एक विनंती आहे. मुलाने एखादा प्रश्न विचारला आणि तो पाठ्यपुस्तकात नसला, तर परीक्षेत येणार नाही असे सांगून त्याला गप्प करू नये. उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्याबरोबर बसून शोधावे. संगणक कक्षात घेतलेल्या यंत्राचा खरा उपयोग तेव्हाच होतो.

या सत्रापासून संगणक कक्षात प्रत्येक ओळीत एक जाड वही ठेवण्याचे आम्ही ठरविले आहे. ज्याला पुस्तकात नसलेली गोष्ट यंत्राकडून कळेल, त्याने तारीख, यंत्राचा क्रमांक, दिलेली आज्ञा आणि आलेले उत्तर तीत लिहावे. दुसऱ्या मुलाने तीच आज्ञा देऊन पहावी आणि तेच उत्तर आले तर खाली सही करावी. अक्षर सुवाच्य हवे, कारण पुढच्या वर्षी आठवीत येणारी मुले ती वही वाचणार आहेत.